पुढचं डावं चाक

मला कॉलेजात सगळे मामा म्हणतात. पोरं म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, गेटवरचा वॉचमन माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, तोही म्हणतो. मी वर्कशॉपचा फोरमन. बावीस वर्षं लेथ, ड्रिल, वेल्डिंग आणि पोरांची बडबड ऐकतोय. कान गेले ते कशाने, हे डॉक्टरलाही नक्की सांगता आलेलं नाही.

आमच्याकडे पोरं दरवर्षी रेसची एक गाडी बनवतात. एका माणसाची, बुटकी, बसलं की बूड जमिनीला लागेल की काय अशी भीती वाटणारी. ती घेऊन स्पर्धेला जातात, बहुतेक वेळा हरून येतात, आणि हरलो का याची कारणं सांगताना मात्र पहिल्या नंबरावर असतात. दरवर्षी जुनी पोरं पास होऊन जातात, म्हणून दरवर्षी नवा कॅप्टन लागतो. एकोणीस कॅप्टन पाहिले मी. पूर्वी निवड सोपी होती. जुना कॅप्टन शेवटच्या दिवशी अवजारांच्या कपाटाची किल्ली ज्याच्या हातात द्यायचा, तो नवा कॅप्टन. तीन मिनिटांत कारभार आटपायचा. त्यातली दोन मिनिटं किल्ली शोधण्यात जायची.

मग गेल्या वर्षीचा कॅप्टन आला आणि सगळं बिघडलं. त्याने जाताना एकशे चाळीस पानांची हस्तांतरण पुस्तिका लिहिली. नऊ पानं आभार. तेरा पानं ‘माझा प्रवास’. पेट्रोलचा कॉक उलटा फिरतो, हे मात्र एका ओळीतही नाही. पोरांनी तो महिनाभर सरळ फिरवला आणि गाडी का सुरू होत नाही म्हणून इंजिन तीनदा खोललं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मी पुस्तिकेत नव्हतो ना.

यातून आमच्या मार्गदर्शक सरांनी काय धडा घेतला? पुस्तिका कमी पडली! नेतेच नीट घडवले पाहिजेत! सर तसे भले गृहस्थ, पण त्यांनी आयुष्यात एकही नट आवळलेला नाही, आणि एकही सेमिनार सोडलेला नाही. त्यांनी ‘नेतृत्व घडवणी कार्यक्रम’ काढला. तीन उमेदवार. प्रत्येकाला एक आठवडा टीम चालवायला द्यायची, शुक्रवारी बरोबर अकरा वाजता पार्किंगच्या मोकळ्या जागेत संचालकांसमोर गाडी चालवून दाखवायची, आणि सरांनी शंभरपैकी गुण द्यायचे. गुणांचा तक्ता त्यांनी वर्कशॉपच्या दारावर चिकटवला. वेळपालन तीस. सादरीकरण तीस. संघभावना वीस. प्रेरणा पंधरा. तांत्रिक बाजू पाच.

पाच! अहो, गाडीच्या टीमचा कॅप्टन, आणि गाडीला पाच गुण! मी सरांना म्हटलं, “सर, हे पाचही कशाला ठेवलेत? उगाच दिसायला बरं म्हणून?” सर हसले. म्हणाले, “मामा, तांत्रिक माणसं मिळतात हो. लीडर घडवावा लागतो.” शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण समोर शहाणा तर हवा.

आता उमेदवार सांगतो. पहिला स्लाइड. खरं नाव त्याच्या आईवडिलांना माहीत असेल, आम्ही त्याला स्लाइडच म्हणतो, कारण त्याला पाणी प्यायला चाललास का विचारलं तरी तो लॅपटॉप उघडतो. दुसरा होसर. कोणी काही सांगितलं की “हो सर”. मलाही हो सर. एकदा भिंतीवरच्या पंख्याने घर्रर्र केलं, तर हा मान वर करून हो म्हणाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि तिसरी पक्कड. ही माझी मुलगी.

पक्कड हे नाव टीमने ठेवलं, कारण एकदा धरलेली गोष्ट ती सोडत नाही. फोरमनच्या मुलीला फीमध्ये सवलत मिळते म्हणून ती याच कॉलेजात आली, आणि पहिल्याच दिवशी मला बजावलं, “वर्कशॉपमध्ये मी तुम्हाला मामा म्हणणार. मला बाप नकोय तिथे.” तिची आई पोट धरून हसली. म्हणाली, “सख्ख्या बापाचा मामा केला पोरीने.” मी वरवर चिडलो, पण मला बरं वाटलं होतं. पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. दोन वर्षं गाडी तीच चालवत होती. हलकी, डोकं थंड, आणि ब्रेक कुठे दाबायचा हे तिला पायानेच कळतं.

तिला कॅप्टन व्हायचं होतं. आत्ता झाली तर झाली, पुढचं वर्ष तिचं शेवटचं, मग पास होऊन जाणार. आणि खरं सांगतो, लपवण्यात काय अर्थ आहे, तिला हवं होतं त्याहून मला जास्त हवं होतं. एकोणीस वर्षं मी कॅप्टन लोकांच्या हातात अवजारं दिली. ते पुढे मोठे झाले, लग्नाच्या पत्रिका पाठवतात, त्यावर लिहितात ‘मामा आणि कुटुंबीय’. एकदा तरी माझ्या घरातलं कोणी अवजार मागणाऱ्या बाजूला उभं राहावं, असं मला वाटत होतं. यात चूक काय?

कार्यक्रमाची सुरुवात प्रशिक्षणाने झाली. सरांनी तिघांचे डोळे बांधले आणि टीमच्या पोरांना सांगितलं, यांना हात धरून वर्कशॉपभर फिरवा. याने विश्वास वाढतो म्हणे. होसरचं कपाळ ड्रिल मशीनला आपटलं. मी मशीनचा मेन स्विच बंद केला होता म्हणून निभावलं, नाहीतर विश्वासाबरोबर टेंगूळही आरपार वाढलं असतं. मग रंगीत चिठ्ठ्यांवर प्रत्येकाने स्वतःचे गुण लिहून फळ्यावर लावायचे. स्लाइडने अकरा चिठ्ठ्या लावल्या. होसरने स्लाइडच्या बघून दहा. माझ्या पोरीने एकच लावली, त्यावर लिहिलं, ‘फ्रंट बेअरिंग आवाज करतंय, खोलून बघायला हवं.’ सर म्हणाले, “हा तुझा गुण नाही झाला.” ती म्हणाली, “नाही सर, पण आवाज होतोय.”

पहिला आठवडा स्लाइडचा. पाच दिवसांत सात मीटिंगा. गाडीची चाकं सोमवारी काढली होती, ती शुक्रवारी सकाळपर्यंत तशीच भिंतीला टेकून. पण शुक्रवारी अकराच्या ठोक्याला त्याने पडदा लावला, आणि पडद्यावर गाडी अशी काही पळाली, अशी काही वळणं घेतली, की संचालकांनी टाळ्या वाजवल्या. खरी गाडी मागे ठोकळ्यांवर बसून बघत होती. वेळपालन तीसपैकी तीस.

दुसरा होसरचा. जो जे म्हणेल ते याने मान्य केलं. इंजिनवाले म्हणाले रेडिएटर डावीकडे घेऊ, हो. बॉडीवाले म्हणाले उजवीकडे, हो. आठवडाभर तोच रेडिएटर इकडून तिकडे, तिकडून इकडे. शुक्रवारी गाडी सुरू झाली नाही, तेव्हा चौघांनी मागून ढकलली आणि होसर स्टिअरिंगवर बसून हात हलवत गेला. संचालक म्हणाले, “इलेक्ट्रिक आहे का? आवाजच नाही!” होसर म्हणाला, “हो सर.” संघभावना वीसपैकी एकोणीस. तो एक गुण कशाला कापला, देव जाणे.

तिसरा आठवडा पक्कडचा.

होसर असा हात हलवत गेलेला पाहून सरांनी एक नवा नियम काढला होता, की त्या आठवड्याच्या लीडरने गाडी चालवायची नाही, कारण लीडरने स्टिअरिंग सोडायला शिकलं पाहिजे. म्हणून तिच्या आठवड्यात गाडी चालवायला चिमणी होती. दुसऱ्या वर्षातली मुलगी, वजन सत्तेचाळीस किलो, त्यातलं दोन किलो चष्म्याचं असावं. दूरच्या गावाहून आलेली, हॉस्टेलला राहणारी. गाडीत बसायचं म्हटलं की तिचे डोळे असे काही चमकायचे, की मी मनात म्हणायचो, बाई गं, जरा घाबर तरी.

माझ्या पोरीने एकही मीटिंग घेतली नाही. सोमवारी सकाळी फळ्यावर कामं लिहिली, पुढे माणसं लिहिली, आणि स्वतः गाडीखाली शिरली. बुधवारी इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. गुरुवारी गाडी मागच्या आवारात शंभर मीटर गेली आणि परत आली, न ढकलता. सर वही घेऊन फिरत होते. मी तिरक्या नजरेने वाचलं, प्रेरणा पंधरापैकी चार. शेरा होता, ‘भाषण केले नाही.’

मी रात्रभर हिशेब करत होतो. प्रेरणेत मार, सादरीकरणात मार, उरलं काय तर वेळपालन. ते तीस पूर्ण मिळाले तर ती पुढे जाऊ शकत होती. एक मिनिट उशीर झाला तर शून्य, असं सरांनी तक्त्याखाली लाल शाईत लिहिलं होतं.

आता इथे मला आमची पिवळी रेघ सांगायला हवी. ती माझी आहे, म्हणजे मी सुरू केलेली. चाकाचे नट आम्ही टॉर्क पान्याने आवळतो. हा पाना ठरलेला जोर लागला की ‘कट्’ असा आवाज करतो. तो आवाज ज्याने ऐकला, त्यानेच, दुसऱ्या कोणी नाही, नटावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या मार्करने एक रेघ ओढायची. पुढे कधी नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. दिसायला एवढीशी गोष्ट. पण रेघ म्हणजे शब्द. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना मी यावर अर्धा तास झाडतो. आवाज न ऐकता रेघ मारली तर तो माणूस माझ्या वर्कशॉपमध्ये पुन्हा दिसता कामा नये, असं म्हणतो. एकाला खरंच हाकललं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कोणासाठी केली होती ते पुढे कळेलच.

तिने सोमवारी मागवलेलं नवं बेअरिंग गुरुवारी संध्याकाळी हाती आलं. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तिने गाडीचं पुढचं डावं चाक हाताने फिरवलं, कान लावला, आणि म्हणाली, “खोला.”

“अगं, दोन तासांवर आलंय!” मी म्हटलं.

“मामा, आवाज होतोय. खोला.”

खोललं. बेअरिंगमध्ये धातूचा कीस निघाला. तिचं बरोबर होतं, पण बरोबर असण्याला तक्त्यात पाचच गुण होते. नवं बेअरिंग दाबून बसवेपर्यंत साडेदहा होऊन गेले. तिने बाकीची तीन चाकं स्वतः टॉर्क पान्याने आवळली, कट्, कट्, कट्, प्रत्येक नटावर रेघ मारली, आणि पाना कपाटात ठेवून कुलूप लावलं. ही तिची सवय, तो पाना बाहेर पडलेला तिला चालत नाही. चौथं चाक तिने नुसतं बसवलं, नट बोटांनी फिरवून ठेवले. एवढ्यात सर धावत आले. “संचालक गेटवर आलेत! स्वागताला लीडर हवा! चल, चल!”

“सर, एक चाक राहिलंय.”

“ते कोणीही करेल! लीडर तू आहेस!”

ती जाता जाता वळून म्हणाली, “मामा, पुढच्या डाव्याला हात लावू नका. मी येऊन आवळते.” आणि गेली. किल्ली तिच्या खिशात.

घड्याळात दहा बावन्न. संचालक म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, गेटपासून वर्कशॉपपर्यंत येताना प्रत्येक झाडाची चौकशी करणार. ती त्यांना सोडून येणार कधी, कपाट उघडणार कधी, आवळणार कधी? माझ्या डोळ्यांसमोर ते तीस गुण टपाटप गळायला लागले. मी माझा साधा पाना उचलला. बावीस वर्षांचा हात आहे, म्हटलं, माझा हातच टॉर्क पाना. पहिला नट आवळला. दुसरा, तिसरा. चौथा खालच्या बाजूला होता, पाना नीट बसेना, सुटायला लागला. बाहेरून सरांचा आवाज आला, “मामा, गाडी बाहेर काढा, आले, आले!” मी खिशातून पिवळा मार्कर काढला आणि चार रेघा मारल्या. चौथीसुद्धा. हात थरथरला नाही, हे सगळ्यात वाईट.

पोरांनी गाडी बाहेर ढकलली. चिमणी हेल्मेट घालून आत बसली, पट्टे आवळले. दहा अठ्ठावन्नला माझी पोरगी संचालकांबरोबर आली. ती सरळ पुढच्या डाव्या चाकाशी गेली, वाकली, चार पिवळ्या रेघा बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं.

“झालंय,” मी म्हणालो. “जाऊ दे गाडी.”

तिने मान हलवली. म्हणजे विश्वास ठेवला. बापावर नव्हे, मामावर. हात वर केला, चिमणीने इंजिन लावलं. स्लाइड मोबाइलवर शूटिंग करत होता. सर घड्याळ बघत हसत होते. आणि मग मी पाहिलं, पोरीने सहज खिशात हात घातला आणि तिथेच थांबली. हात बाहेर काढला तेव्हा मुठीत कपाटाची किल्ली होती.

“थांबा!” ती ओरडली. “चिमणे, बंद कर! उतर खाली!”

“अगं, अकरा वाजले!” सर म्हणाले.

ती ऐकायला होतीच कुठे? धावत आत गेली, टॉर्क पाना घेऊन आली, गुडघे टेकून चाकाशी बसली. पहिला नट, पाना बराच फिरला आणि मग कट् वाजला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. माझा बावीस वर्षांचा हात! चौथ्याला तिने पाना लावलाच नाही. दोन बोटांनी धरला आणि फिरवला. तो बाटलीच्या झाकणासारखा फिरत बाहेर आला. तिने तो तळहातावर घेऊन उभं राहून सगळ्यांना दाखवला. त्याच्यावर पिवळी रेघ होती.

संचालकांना काही कळलं नव्हतं, पण चेहरे बघून तेही गंभीर झाले.

“रेघ कोणी मारली?” सरांनी विचारलं.

स्लाइड म्हणाला, “सर, ही प्रक्रियेतली त्रुटी आहे. मी एक तक्ता करून दाखवू शकतो.” होसर म्हणाला, “हो सर.” मग सर चिमणीकडे वळले. “गाडीत बसायच्या आधी शेवटची नजर ड्रायव्हरने टाकायची असते ना? तू काय बघितलंस?” चिमणीने हेल्मेट काढलं. चष्मा वाकडा झाला होता. ती म्हणाली, “सर, रेघा होत्या सर. मी रेघा बघितल्या.” आणि तिला रडू फुटलं.

मी बोलायला हवं होतं. आत्ता सांगताना सोपं वाटतं. मी मनात म्हणत होतो, एक मिनिट, जरा हे निवळू दे, मग बोलतो. त्या एका मिनिटात ती पोर माझ्या चुकीसाठी बोलणी खात उभी होती, आणि मी तिच्याहून तीन हातांवर उभा राहून माझे बूट बघत होतो.

“रेघ मामांनी मारली,” माझी मुलगी म्हणाली. “पाना माझ्या कुलपात होता. मार्कर त्यांच्याकडे असतो.” मग मला म्हणाली, “मामा, गाडीपासून बाजूला व्हा.”

मी बाजूला झालो. पोरं वाट करून देताना मागे सरकली, जशी मी सांगितल्यावर वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून सरकतात.

सरांचं डोकं मात्र अशा वेळी विजेसारखं चालतं, ते मानलं पाहिजे. ते संचालकांकडे वळून मोठ्याने म्हणाले, “सर, हे आपण मुद्दाम योजलं होतं. सुरक्षा प्रात्यक्षिक! लीडर दबावाखाली गाडी थांबवतो का, हे बघायचं होतं!” संचालकांचा चेहरा खुलला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. “फारच छान! हे माहितीपत्रकात घ्या!” सर पोरीच्या कानाशी वाकले. मी बाजूला असलो तरी ऐकू आलं, माझे कान नको तेव्हा बरोबर चालतात. “नुसतं हो म्हण. वेळेचे तीसही देतो, प्रेरणेचे पंधराही. कॅप्टन तूच. तुझ्या वडिलांचंही नाव कुठे येणार नाही.”

मी मनातल्या मनात हात जोडले. म्हण बाई, हो म्हण. एकदा होसर हो.

ती संचालकांना म्हणाली, “सर, हे प्रात्यक्षिक नव्हतं. नट खरंच सैल होता. आम्हाला अजून दहा मिनिटं लागतील.” आणि खाली बसून चौथा नट बसवायला लागली.

अकरा चौदाला गाडी निघाली. चिमणीने दोन फेऱ्या मारल्या, सुरेख मारल्या, वळणावर गाडी रुळावर बसावी तशी बसली. बघायला संचालक नव्हते, ते चहाला गेले होते. दुपारी दारावर निकाल लागला. वेळपालन शून्य. कॅप्टन स्लाइड. त्याने लगेच टीमला एक निरोप पाठवला, त्याचं शीर्षक होतं ‘आपली सुरक्षा संस्कृती’, आणि त्यात माझ्या मुलीचा गुडघे टेकून बसलेला फोटो होता. तिचं नाव नव्हतं.

संध्याकाळी घरी मी एकटा होतो. तिची आई मावशीकडे गेली होती. पोरगी आली, हात धुतले, कोपरापर्यंत ग्रीस, साबणाची अर्धी वडी संपवली. मी दोन कप चहा केला आणि तिच्यासमोर ठेवला. मी घरी सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. ती समोर बसली आणि एकही आठवेना.

“चुकलो मी,” म्हणालो. “तुझे गुण जाऊ नयेत म्हणून केलं गं. तुझ्यासाठी.”

“माहितीये.”

“तू हो म्हणायला हवं होतंस. सगळ्यांचंच झाकलं गेलं असतं.”

तिने कप उचलला, न पिता खाली ठेवला. “बाबा, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“आज गाडीत मी बसणार असते, तर मारली असतीत ती चौथी रेघ?”

मी खिडकीकडे बघितलं. समोरच्या गॅलरीत कोणाचे तरी कपडे वाळत होते. खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. एका दिवसात दोनदा नाही जमत.

“नाही,” मी म्हणालो. “सगळे नट दोनदा आवळले असते. तासभर उशीर झाला असता तरी.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मला रागाला उत्तर देता येतं. तिने खिशातून मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर टेबलावर सरकवला. पडद्यावर एक नंबर होता.

“चिमणीच्या आईचा आहे,” ती म्हणाली. “तिला आज काय झालं ते कळायला हवं. सर नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. आत्ता.”

“मी उद्या सकाळी…”

“आत्ता, बाबा.”

कॅप्टन तिकडे तक्ते करत बसला होता. मी नंबर लावला. तीन वेळा वाजला, चौथ्यांदा उचलला. मागे कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता. मी म्हणालो, “नमस्कार, मी कॉलेजच्या वर्कशॉपमधून बोलतोय. फोरमन.”

त्या बाईने माझं पुढचं ऐकलंच नाही. तिचा आवाज एकदम चढला. “अहो, माझ्या पोरीला काही झालं नाही ना?”

“नाही, ताई,” मी म्हणालो. “पण झालं असतं. माझ्यामुळे.”